फूड प्रोसेसर अडला तर काय तपासावे : इंदूरच्या मराठी स्वयंपाकघरासाठी

इंदूरच्या मराठी घरांत फूड प्रोसेसरवर पडणारे काम वर्षभर सारखे नसते. हिवाळ्यात गाजराचा हलवा आणि बाफल्यांची (उकडून मग भाजायच्या गोळ्यांची) घट्ट कणीक, होळीला पुरण, उन्हाळ्यात वाळवणासाठी बटाट्याचे काप, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस आणि श्रावणातील उपवासांसाठी शेंगदाण्याचे कूट, अशी कामे ऋतूप्रमाणे बदलत जातात. मधले काही महिने कपाटात ठेवलेले यंत्र एकदम मोठ्या कामाला काढले जाते आणि नेमके त्याच दिवशी ते अडते. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजून ते दुरुस्तीला पाठवण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मोटारीत काहीही बिघडलेले नसते. कुठला तरी भाग नीट बसलेला नसतो, भांड्यात गरजेपेक्षा जास्त भरलेले असते, किंवा यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवलेले असते. म्हणून यंत्र थांबले की ते कशापासून वाचू पाहत आहे, हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर मिळाले की पुढचा उपाय सहसा घरच्या घरी होतो.

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी बटण शून्यावर आणावे आणि प्लग सॉकेटमधून काढावा. केवळ भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. पाते मोटारीवर बसलेले असताना भांड्यात हात घालायचा असेल तर प्लग डोळ्यांसमोर बाहेर काढलेला असावा, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळावा.

यंत्र सुरूच होत नाही

प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून वीज येत आहे का ते पाहावे आणि एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा घरातील खटका) पडला आहे का तेही पाहावे. वीज येत असेल तर पुढचा संशय मोटारीवर न घेता झाकणावर घ्यावा. भांडे आणि झाकण आपापल्या जागी पूर्ण बसल्याशिवाय मोटारीला वीजच मिळू नये, अशी सोय फूड प्रोसेसरमध्ये मुद्दाम केलेली असते. झाकणाच्या कडेला प्लास्टिकची एक लहान जीभ असते. झाकण फिरवून बसवले की ती भांड्याच्या मुठीजवळील खाचेत शिरते, आतली खिट्टी खाली दाबते, आणि ती खिट्टी यंत्राच्या बैठकीतील छोटा स्विच चालू करते. या साखळीतील एकही दुवा अपुरा राहिला तरी यंत्र मुके राहते. झाकण बसल्याचा ‘खट्’ असा आवाज ऐकू आला नसेल तर ते काढून पुन्हा बसवावे. झाकण पूर्ण फिरतच नसेल तर ते जोराने पिळू नये, कारण बहुधा आतले पाते किंवा चकती दांडीवर तळापर्यंत उतरलेली नसते आणि तीच झाकणाला वर उचलून धरत असते.

त्यानंतर मुठीजवळची खाच पाहावी. मागच्या वेळी मळलेल्या कणकेचा किंवा पिठाचा अंश तिथे शिरून वाळतो आणि खिट्टी अर्ध्यावरच अडकते. भांडे यंत्रावरून काढून ती खाच कोमट पाण्यात थोडा वेळ भिजू द्यावी, मग लाकडी दातकोरणीने किंवा जुन्या मऊ टूथब्रशने मोकळी करावी आणि खिट्टी बोटाने दाबून ती पुन्हा वर येते का ते तपासावे. भांडे पूर्ण वाळल्यावरच यंत्रावर ठेवावे. ज्या यंत्रांत मिक्सरच्या जारसाठी वरच्या बाजूला वेगळे तोंड असते, त्यांत त्या तोंडावरचे टोपणही पक्के बसलेले असावे लागते. ते सैल असले तरी प्रोसेसरचे भांडे चालत नाही, आणि हे कारण पटकन लक्षात येत नाही.

झाकणाची जीभ तुटली तर काडी किंवा चमच्याचे टोक खाचेत घालून यंत्र चालवण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. ही युक्ती कोणीही करू नये. झाकण उघडे असताना फिरणारे पाते बोट कापायला क्षणही घेत नाही. झाकण हा स्वतंत्रपणे मिळणारा सुटा भाग आहे. नवे झाकण येईपर्यंत काम हाताने करावे.

काम चालू असताना यंत्र बंद पडते

घरगुती प्रोसेसरची मोटार भाराखाली आली की तिचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की ती अधिक विद्युतप्रवाह ओढू लागते. त्याच वेळी मोटारीच्या दांड्यावर बसवलेला थंड हवेचा पंखाही मंद फिरू लागतो. म्हणजे उष्णता वाढते आणि ती बाहेर टाकण्याची सोय मात्र घटते. अशा वेळी भारसंरक्षक खटका वीज तोडतो. बऱ्याच यंत्रांच्या बुडाला यासाठी एक लहान, बहुधा लाल रंगाचे बटण असते. यंत्र बंद पडले की प्लग काढावा, भांडे उतरवून त्यातील माल निम्मा करावा, यंत्राला 20 ते 30 मिनिटे थंड होऊ द्यावे आणि मगच ते बटण दाबावे. काही यंत्रांत असे बटण नसते; तिथे मोटार थंड झाल्यावर खटका आपोआप पूर्ववत होतो. म्हणूनच बंद पडलेले यंत्र बटण चालू ठेवून तसेच सोडून देणे धोक्याचे आहे. ते कोणाचा तरी हात भांड्यात असताना अचानक फिरू लागू शकते.

थंड झालेले यंत्र त्याच भाराने पुन्हा चालवले तर ते पुन्हा बंद पडेल. आपल्याकडे हा भार बहुतांशी कणकेचा असतो, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे.

माळव्यात गव्हाचे दोन प्रकार घरात येतात. रोजच्या पोळ्यांसाठी शरबती किंवा लोकवन, आणि बाफले, लाडू व रव्यासाठी कठिया. पूसा तेजससारखे कठिया गव्हाचे वाण इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रातून आलेले आहेत. कठिया गव्हाचा दाणा टणक असतो, बाफल्यांसाठी त्याचे पीठ मुद्दाम जाडसर दळून आणतात, आणि ते जाडसर कण पाणी सावकाश शोषतात. पोळीच्या पिठाच्या अंदाजाने पाणी घालून यंत्र सलग फिरवले तर आधी पीठ कोरडे राहते, मग त्याचे दगडासारखे घट्ट गोळे होतात आणि पाते त्यांत रुतून बसते. यावर उपाय असा की भांड्याच्या क्षमतेच्या निम्मेच पीठ घ्यावे; मोहन, मीठ आणि ओवा घालून ते पल्सच्या (दाबून धरेपर्यंतच यंत्र फिरवणाऱ्या) बटणावर दोन-तीनदा फिरवावे; झाकणावरच्या नळीतून थोडे थोडे पाणी सोडत फक्त ओलसर चुरा होईपर्यंत चालवावे आणि तिथेच थांबावे. झाकण लावून तो चुरा 15 ते 20 मिनिटे तसाच ठेवावा. या वेळात पाणी कणांच्या आत मुरते आणि कणीक स्वतःच सैलावते. त्यानंतर यंत्र अर्धा मिनिट फिरवले तरी गोळा जमतो. या मधल्या विश्रांतीने मोटारीवरचा भार इतका कमी होतो की मी ती कोणत्याही सेटिंगपेक्षा महत्त्वाची मानतो. बाफल्यांच्या कणकेचा शेवटचा घट्टपणा मात्र हातानेच आणावा. ते काम या यंत्राचे नाही.

पोळ्यांच्या कणकेसाठी 500 ग्रॅम पिठाला साधारणपणे 300 मिलिलिटर पाणी लागते, पण पीठ आणि हवामान यांप्रमाणे त्यात फरक पडतो, म्हणून शेवटचे दोन-तीन चमचे राखून ठेवावेत. पीठ आधी आणि पाणी नंतर, हा क्रम बदलू नये. पाणी आधी घातले तर ते पात्याच्या मधल्या नळकांड्याखाली जाऊन तिथे लगदा तयार होतो. कणकेचा एकच गोळा होऊन तो भांड्याच्या कडेवर आपटू लागला की काम झाले असे समजावे. त्यापुढे फिरवत राहिल्यास कणीक घर्षणाने गरम होते, चिकट होते आणि मोटारही तापते. मे महिन्यात इंदूरचे तापमान 40 अंशांच्या आसपास असते तेव्हा कणकेसाठी माठातले किंवा फ्रिजमधले गार पाणी वापरावे.

कणीक नसतानाही यंत्र वारंवार बंद पडत असेल तर विजेकडे पाहावे. 600 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर अडीच अँपिअरच्या थोडे वर प्रवाह घेते आणि 1000 वॅटचे सुमारे साडेचार; भिंतीवरच्या चांगल्या सॉकेटला हे सहज झेपते. परंतु बारीक तारेच्या लांब एक्स्टेन्शन बोर्डावर हेच यंत्र लावले तर तारेतच दाब घटतो आणि मोटार जोर न करता तापत राहते. यंत्र चालू असताना बोर्ड किंवा प्लग हाताला गरम लागत असेल तर तो बोर्ड लगेच वापरातून काढावा. यंत्राच्या बुडाच्या जाळीत साचलेले पीठ आणि धूळही हवा अडवते. प्लग काढून कोरड्या ब्रशने ती जाळी अधूनमधून साफ करावी.

होळीच्या पुरणासाठी एक सूचना. डाळ गुळासह शिजवून ते घट्ट मिश्रण यंत्रात घातले तर ते पात्याभोवती चिकटून राहते आणि भारसंरक्षक पडतो. त्याऐवजी शिजलेल्या डाळीचा कट पूर्ण निथळून घ्यावा, डाळ कोमट झाल्यावर एकटीच थोडी थोडी फिरवावी, आणि नंतर गूळ घालून कढईत आटवावी. पुरणयंत्रातून काढलेल्या पुरणाचा मोकळेपणा याला पूर्णपणे येत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण मोठ्या पंगतीचे पुरण करताना वेळ आणि मनगट दोन्ही वाचतात. उकळती डाळ किंवा कट बंद भांड्यात कधीही फिरवू नये. वाफेने झाकण उडते आणि हात-चेहरा भाजतो.

कांद्याचा लगदा, कुटाचे लोणी

प्रोसेसरमध्ये कांदा चिरला की काही तुकडे मोठे राहतात आणि काहींचा लगदा होतो, ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. याचे कारण पात्याची धार नसून भांड्यातील गर्दी आणि सलग फिरवणे हे असते. पात्याजवळचे तुकडे पुन्हा पुन्हा कापले जातात आणि वरचे तुकडे खाली येतच नाहीत. कांद्याचे सारख्या आकाराचे चार किंवा सहा तुकडे करावेत, भांडे एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि पल्सचे बटण एकेक सेकंद दाबून सोडावे. दर वेळी तुकडे पूर्ण खाली बसेपर्यंत थांबावे. मधेच एकदा झाकण उघडून कडेला चिकटलेले तुकडे पळीने खाली सारावेत. चार-पाच झटक्यांत पोह्यांना चालेल असा कांदा तयार होतो. जास्त फिरवलेल्या कांद्याला पाणी सुटते आणि तो उग्र व कडवट लागतो, कारण पेशी चिरडल्या गेल्यावर आतील विकर आणि गंधकयुक्त द्रव्ये एकत्र येऊन तीव्र वासाची संयुगे तयार होतात. असा कांदा टाकून देण्याची गरज नाही. तो तेलात सावकाश परतून रश्श्याच्या वाटणात वापरावा, परतल्यावर त्याचा उग्रपणा जातो. पोह्यांवर किंवा कोशिंबिरीत मात्र तो घालू नये.

कोथिंबीर काळी पडून चिकट होते ती ओली असल्यामुळे. धुतल्यानंतर ती कापडावर पसरून पूर्ण कोरडी करावी आणि भांडेही कोरडे असावे. आल्याचे धागे पात्याला गुंडाळतात, म्हणून त्याच्या आधी धाग्यांना आडव्या पातळ चकत्या कराव्यात.

शेंगदाण्याच्या कुटाबाबत चूक एकच होते आणि ती घाईमुळे होते. भाजलेले दाणे कोमट असतानाच भांड्यात घातले जातात. उष्णतेने आणि पात्याच्या आघाताने दाण्यांतील तेल बाहेर येते, आणि क्षणार्धात कुटाऐवजी चिकट लोणी तयार होते. दाणे भाजून, सोलून, पूर्ण गार करावेत. थोडे थोडे घेऊन लहान झटक्यांनीच फिरवावेत आणि कूट जाडसर असतानाच थांबावे. इंदुरी पद्धतीच्या मोकळ्या साबुदाणा खिचडीला जाडसर कूटच हवे, बारीक कुटाने ती चिकट होते. कुटाला तेल सुटलेच तर ते पुन्हा कोरडे करता येत नाही. ते आमटीत किंवा भाजीच्या रश्श्यात लावावे.

कीस आणि काप नीट येत नाहीत

चकती लावल्यावर काप तिरपे किंवा जाड-बारीक येत असतील तर नळीतील भाजी डुलत असते असे समजावे. उन्हाळ्यात वाळवणाच्या चिप्ससाठी बटाटे कापताना त्यांचा एक पृष्ठभाग सपाट करून ते नळीत घट्ट बसतील असे भरावेत. एकच बटाटा मोकळ्या नळीत टाकला तर तो लवंडतो आणि प्रत्येक काप वेगळ्या जाडीचा होतो. दट्ट्यावर हलका आणि सारखा दाब ठेवावा; जोराने दाबल्यास काप जाड येतात आणि चकती वाकू शकते. मऊ भाजीला दाब कमी आणि कडक भाजीला थोडा अधिक, इतके लक्षात ठेवले तरी पुरे. दट्ट्याच्या जागी बोट किंवा चमचा कधीही वापरू नये. कापलेल्या बटाट्यांचा स्टार्च चकतीच्या खालच्या बाजूला खळीसारखा जमतो आणि थोड्या वेळाने काप फाटू लागतात. अशा वेळी थांबून चकती धुवून घ्यावी.

गाजराचे तुकडे नळीत उभे ठेवले तर कीस आखूड येतो आणि आडवे ठेवले तर लांब. हलव्यासाठी लांब कीस चांगला, कारण तो दुधात आटताना विरघळून जात नाही. शेवटचा एखादा तुकडा चकती आणि झाकण यांच्यामध्ये तसाच राहतो. झाकण आणि चकती यांमध्ये ठेवलेल्या अंतरामुळे तसे होणारच, तो दोष नव्हे.

भुट्ट्याच्या किसाला मात्र किसण्याची चकती उपयोगी पडत नाही. कणीस नळीत जात नाही, गेले तरी मधला दांडा चकतीला अडतो, आणि सुटे दाणे चकतीवरून नुसते उड्या मारतात. इंदूरच्या सराफा बाजारात मिळणाऱ्या किसासारखा पोत हवा असेल तर दाणे सुरीने कापून काढावेत, कापणाऱ्या पात्याने लहान झटक्यांत फिरवावेत आणि दाण्यांचे बारीक तुकडे दुधाळ रसात दिसत असतानाच थांबावे. देशी पांढऱ्या मक्याचे कोवळे दाणे या कामाला उत्तम. स्वीट कॉर्नमध्ये पाणी आणि साखर जास्त असते, त्यामुळे ते लगेच पातळ होते. ते वापरायचेच असेल तर झटके निम्मे करावेत आणि कढईत दूध घालण्यापूर्वी कीस तुपावर अधिक वेळ परतावा. फार थोडा कीस करायचा असेल तर हातकिसणीच अधिक चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे.

गराडू या कंदासाठी यंत्र काढूच नये. त्याचे तळण्याजोगे मोठे तुकडे हातानेच होतात, आणि त्याचा चिकट रस चकतीच्या मागे वाळून बसतो. अख्खी हळकुंडे, सुंठ आणि खडा मसालाही प्रोसेसरच्या मोठ्या भांड्यात घालू नये. तो मिक्सरच्या लहान जारचा विषय आहे. बर्फ फोडण्याची परवानगी यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असेल तरच तो घालावा.

गळती

प्रोसेसरच्या भांड्याच्या मध्यभागी एक पोकळ उभी नळी असते आणि तिच्यातून मोटारीची दांडी वर येते. पातळ पदार्थ या नळीच्या उंचीपेक्षा वर गेला की तो आतून सरळ मोटारीकडे उतरतो. म्हणून भांड्याखाली पाणी दिसले की रबरी रिंग शोधत बसण्यापूर्वी भरलेल्या पदार्थाची पातळी पाहावी. पदार्थ फिरताना कडेने वर चढतो, हे लक्षात घेऊन पातळ पदार्थांच्या खुणेच्या बरेच खाली थांबावे. काम झाल्यावर भांडे आणि पाते एकत्रच उचलावे. पाते आधी काढले तर उरलेला रस त्या नळीतून खाली जातो. झाकणाच्या कडेने गळत असेल तर झाकणाची रबरी रिंग उलटी बसली आहे का, तिच्यात कण अडकले आहेत का, किंवा ती कडक होऊन चिरली आहे का, ते पाहावे. बैठकीत पाणी शिरलेच तर प्लग काढून यंत्र कोरड्या कापडाने पुसावे आणि ते पूर्ण वाळल्याची खात्री होईपर्यंत चालवू नये. पाणी जास्त शिरले असेल तर आधी जाणकाराला दाखवावे.

आवाज, वास आणि ठिणग्या

कडक भाजी कापताना मोठा आवाज होणे स्वाभाविक आहे. तो आवाज रिकाम्या भांड्यातही येत असेल तर कारण शोधले पाहिजे. प्लग काढून पाते हाताने सावकाश फिरवून पाहावे. ते भांड्याच्या तळाला किंवा कडेला घासत असेल तर ते नीट बसलेले नाही किंवा वाकलेले आहे. मोटार फिरते पण पाते फिरत नाही किंवा अडखळते, आणि ‘कर्र’ असा आवाज येतो, तेव्हा बहुधा कपलरचे, म्हणजे मोटारीची फिरकी पात्याला देणाऱ्या जोडाचे, दाते झिजलेले असतात. हा स्वस्त सुटा भाग आहे आणि मोटारीला लागणारा जादा झटका तोच आधी सोसतो. ज्या यंत्रांत पट्टा असतो त्यांत पट्टा सैल झाल्यावरही हेच लक्षण दिसते आणि जळक्या रबराचा वास येतो. ग्रॅनाइटचा ओटा ओला असला तर यंत्र सरकते. ओटा आणि यंत्राचे रबरी पाय दोन्ही पुसून कोरडे करावेत.

वासांत फरक ओळखायला शिकावे. नव्या यंत्रातून पहिल्या काही वापरांत वार्निशचा हलका वास येतो आणि तो आपोआप जातो. जुन्या यंत्रातून उग्र, जळका वास किंवा धूर आला तर तत्काळ प्लग काढावा आणि यंत्र पुन्हा चालवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण मोटारीतील तारेच्या वेढ्यांवरचे आवरण जळत असल्यास प्रत्येक चाचणी नुकसान वाढवते. बुडाच्या जाळीतून दिसणाऱ्या अगदी बारीक निळसर ठिणग्या कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) असलेल्या मोटारीत नेहमीच्याच असतात. त्या मोठ्या, पिवळ्या झाल्या आणि मोटार मधेच जोर सोडू लागली की कार्बन झिजले असे समजावे. कार्बन नेहमी जोडीनेच बदलतात. एकच बदलून घेऊ नये.

डाग, वास आणि धार

हळदीचा पिवळा डाग साबणाने जात नाही, कारण हळदीतील रंगद्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. आधी भांड्याला आतून थोडे तेल चोळावे, कापडाने पुसावे, मग साबणाने धुवावे. उरलेला डाग उन्हात जातो, कारण प्रकाशाने हे रंगद्रव्य फिके पडते. एक-दोन दुपारी भांडे गच्चीवर ठेवल्यास फरक दिसतो, मात्र आठवडाभर कडक उन्हात ठेवल्यास प्लास्टिक ठिसूळ होते. लसणाच्या वासासाठी खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून अर्धा तास ठेवावी. तारेची घासणी आणि उकळते पाणी यांनी पारदर्शक भांड्यावर बारीक तडे जातात, म्हणून दोन्ही टाळावीत.

वाळलेल्या कणकेने पाते दांडीवर अडकले तर सुरीने उचकटू नये. भांडे यंत्रावरून काढून मध्यभागी कोमट पाणी घालावे, तासाभराने पाते जाड कापडात धरून सरळ वर ओढावे. साबणाच्या फेसाळ पाण्यात पाते बुडवून ठेवणे हे हात कापण्याचे नेहमीचे कारण आहे. पाते वापरल्याबरोबर धुवून, पुसून वेगळे ठेवावे.

बोथट पात्याला धार आणण्यासाठी खडे मीठ फिरवण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. त्याने धार येत नाही. भांड्यावर ओरखडे पडतात आणि मीठ पात्याच्या जोडात राहिले तर गंज धरतो. दातेरी पाते घरी घासून धारदार करता येत नाही आणि दोन्ही पंखांचे वजन कमी-जास्त झाले तर यंत्र थरथरू लागते. पाते बोथट झाले असेल तर नवे घ्यावे.

दुरुस्तीला नेताना

यंत्राच्या बुडावरील पट्टीचा, ज्यावर मॉडेल क्रमांक आणि वॅट लिहिलेले असतात, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. हमीची मुदत शिल्लक असेल तर यंत्र बाहेर उघडू देऊ नये. मुदत संपली असेल तर महाराणी रोडच्या विजेच्या सामानाच्या बाजारात कपलर, कार्बन, रिंग असे भाग विचारून पाहता येतात. जुना भाग सोबत न्यावा, कारण दिसायला सारखे असलेले दोन कपलर एकाच दांडीवर बसतीलच असे नाही. मिस्त्रीला केवळ ‘चालत नाही’ असे न सांगता काय भरले होते, किती वेळ चालले, कोणता आवाज किंवा वास आला, हे क्रमाने सांगावे. ‘मोटर जल गई’ असे उत्तर मिळाले तर वेढे उघडून दाखवण्यास सांगावे. जळलेली तार काळी दिसते आणि तिचा वास लपत नाही. मोटारीचे वेढे पुन्हा भरून घेण्याचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असेल तर नवे घेणे श्रेयस्कर. कपलर, कार्बन, झाकण, रिंग किंवा पाते यांपैकी एखादाच भाग गेला असेल तर यंत्र अवश्य दुरुस्त करून घ्यावे.

बदललेले जुने पाते कचऱ्याच्या गाडीत टाकताना जाड पुठ्ठ्यात गुंडाळून चिकटपट्टी लावावी आणि गाडीवरच्या माणसाला तसे सांगून द्यावे. जुनी मोटार किंवा वायर ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यातच द्यावी.